ग्रीस न घेणारा निपल: मौद्याच्या ट्रॅक्टरचं प्रकरण

ट्रॅक्टर मौदा तालुक्यातला, चाळीस एचपीच्या आसपासचा, टू व्हील ड्राइव्ह. मालक धान पिकवणारे. पेंचच्या कालव्यावरच्या स्वतःच्या बांध्यांची (धानाच्या शेतांची) चिखलणी उरकली की गावात भाड्यानं चिखलणी करून देतात. मे सरत आला होता, मृग लागायच्या आत गाडी तयार हवी होती. भंडारा रोडवरच्या आमच्या वर्कशॉपमध्ये ट्रॅक्टर उभा करून त्यांनी तक्रार सांगितली ती अशी: "स्टेरिंग लय जड झालं भाऊ, डाव्या हाताले वळवाले गेलं की जीव निघते. अन् त्या खालच्या निप्पलमधून ग्रीस जाऊनच नाही राहिलं. तेवढं निप्पल बदलून द्या, बस."

दहा-वीस रुपयांचा निपल, म्हणजे ज्याला ग्रीसगन लावून आत ग्रीस भरतात ते छोटं तोंड. पण ग्रीस जात नाही म्हणजे निपल खराब, हा निष्कर्ष आपल्याकडे फार घाईनं काढला जातो. त्यापायी चांगल्या निपलांवर पाइप पाना चढतो, ते मोडतात, आणि मूळ अडथळा जिथल्या तिथे राहतो. या ट्रॅक्टरवर नेमकं तेच अर्धंमुर्धं घडून गेलेलं होतं. म्हणून हे प्रकरण क्रमानं लिहितोय.

आधी रचना. या ट्रॅक्टरच्या पुढच्या ॲक्सलच्या दोन्ही टोकांना एकेक उभी जाड नळी आहे. तिच्यात स्टब ॲक्सलची, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या भागाची, पिन फिरते. स्टेरिंग वळवलं की फिरते ती हीच पिन. पिनेभोवती नळीत वर एक आणि खाली एक असे दोन ब्राँझचे बुश (पिनेला आधार देणाऱ्या आखूड नळ्या) ठोकलेले असतात, आणि पुढचं वजन खालच्या थ्रस्ट बेअरिंगवर येतं. काही ट्रॅक्टरांत नळीच्या मधोमध एकच निपल असतो आणि तिथून ग्रीस वर-खाली पसरतं. या गाडीत मात्र प्रत्येक बुशाला स्वतंत्र निपल आहे. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली. निपलमधून आलेलं ग्रीस नळीच्या भिंतीतल्या बारीक भोकातून जातं, तिथून बुशाच्या भोकातून पिनेपर्यंत पोहोचतं. ही दोन भोकं समोरासमोर असतील तरच.

खालच्या बुशाचं आयुष्य मुळातच कठीण. चिखलणीत पुढची चाकं बांधीत रुततात आणि खालचा बुश गढूळ पाण्यात तासन्‌तास राहतो. सील थोडंही थकलं असेल तर पाणी आत शिरतं. त्याला बाहेर ठेवणारी एकच गोष्ट म्हणजे आतून सतत बाहेर येणारं ताजं ग्रीस. मग उन्हाळा येतो. नागपूरचा मे म्हणजे ४५ अंशांच्या वरचं ऊन, आणि ट्रॅक्टर महिनोन्‌महिने उघड्यावर. ग्रीस म्हणजे साबणाच्या जाळ्यात धरलेलं तेल. उष्णतेनं तेल पाझरून जातं आणि साबण मागे उरतो, भोकात घट्ट होऊन बसतो. मालकांची तक्रार ऐकताना आमचा पहिला अंदाज हाच होता.

डावा खालचा निपल पाहिला तेव्हा त्याचे षट्कोनी पैलू गोल झालेले होते. पाइप पान्याच्या दातांचे ओरखडे स्पष्ट दिसत होते, आणि त्यावरून कुणीतरी स्प्रेचा रंग मारला होता. रंग आट्यांच्या तोंडात गेला की तोही धरून ठेवतो. मालकांना विचारल्यावर कळलं की आधी दुसरीकडे एकदा प्रयत्न झाला होता आणि "निघत नाही" म्हणून सोडून दिला होता. पुढच्या ॲक्सलचे बुश दोन हंगामांपूर्वी तिथेच बदलले होते. हे वाक्य त्यांनी सहज, जाता जाता सांगितलं.

पाना हातात घेण्याआधी अडथळा कुठे आहे ते शोधायचं होतं. तो चार ठिकाणी असू शकतो: गनमध्ये, निपलमध्ये, निपलच्या मागच्या वाटेत, किंवा पिन आणि बुशाच्या मध्ये. गन वरच्या निपलला लावली. ग्रीस सहज गेलं आणि बुशाच्या वरच्या कडेनं बाहेर आलं. म्हणजे गन ठीक. खालच्या निपलला लावली तर दांडा दगडासारखा घट्ट, आणि गनच्या तोंडाच्या कडेनं ग्रीस बाहेर. इथे पुष्कळ जण गनच्या तोंडाला दोष देतात. तोंडाचे जबडे झिजले असतील तर असं होतंच, पण याच तोंडानं वरचा निपल ग्रीस घेत होता.

मग पुढचा ॲक्सल जॅकनं उचलून खाली घोडी लावली. चाक जमिनीवर असताना पिन बुशाच्या एका बाजूला दाबून बसते, आणि भोक नेमकं त्या बाजूला आलं तर ग्रीसला शिरायला फटच मिळत नाही. चाक अधांतरी करून, एकानं स्टेरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत आणि दुसऱ्यानं दांडा मारत राहिलं तर बरेच "बंद" निपल एवढ्यावरच चालू होतात. घरी कुणालाही करता येण्यासारखी ही तपासणी आहे, आणि निपलला हात लावण्याआधी ती झालीच पाहिजे असं माझं ठाम मत आहे. इथे मात्र काही उपयोग झाला नाही.

शेवटची चाचणी निपलच्या गोळीची. निपलच्या तोंडाशी बारीक पोलादी गोळी असते, तिच्या मागे स्प्रिंग. पातळ तारेच्या बोथट टोकानं गोळी दाबली. ती आत गेली आणि तारेच्या कडेनं काळपट, घट्ट ग्रीसचा बारीक दोरा बाहेर आला. तार काढली तशी गोळी परत वर. या एका कृतीनं बरंच सांगितलं. गोळी अडकलेली नाही, स्प्रिंग जिवंत आहे, आणि निपलच्या मागे ग्रीस दाबानं भरून बसलंय. म्हणजे निपल ग्रीस घेतो, पण पुढे त्याला वाट नाही.

हे करताना तोंड निपलच्या रेषेत आणायचं नाही, बोट तर अजिबात नाही. हातानं चालवायची साधी ग्रीसगनही शेकडो बारचा दाब देते. त्या दाबाचं ग्रीस कातडीत शिरलं तर बाहेरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, दुखतही नाही फारसं, आणि आत बोटाचा मांसल भाग मरत जातो. असं झालं तर हळद लावून घरी बसायचं नाही. लगेच मोठ्या दवाखान्यात जायचं आणि "दाबाचं ग्रीस आत गेलंय" हे शब्द डॉक्टरांना स्पष्ट सांगायचे. कारण यात बहुतेक वेळा शस्त्रक्रिया लागते आणि तास महत्त्वाचे असतात.

मागची वाट नुसती वाळलेल्या साबणानं तुंबली असेल तर निपल न काढताही ती मोकळी होऊ शकते. आमच्याकडे खरादवर बनवून घेतलेली जाड नळी आहे. एका टोकाला ग्रीसगनचं तोंड, दुसऱ्या टोकातून आत जाणारा घट्ट मापाचा दांडा. नळीत डिझेल आणि इंजिन ऑइलचं मिश्रण भरायचं, निपलवर बसवायचं आणि दांड्यावर हातोडीचे नेमके टोले द्यायचे. पातळ तेल वाळलेल्या ग्रीसमध्ये वाट काढतं. इथे हातोडी उसळून परत येत होती. तेल थेंबभरही पुढे सरकलं नाही. तुंबलेलं भोक इतकं कडक लागत नाही, थोडं तरी दबतं. शंका तिथेच आली होती, पण खात्रीसाठी निपल काढणं भाग होतं.

निपल काढण्याची तयारी आदल्या संध्याकाळी केली. चाक उतरवलं, कारण जवळ आच लावायची तर टायर तिथे नको. तारेच्या ब्रशनं भोवतीचा रंग आणि गंज साफ केला, निपलच्या बुडाशी रंगाची जी कडी तयार झाली होती ती टोकदार सुईनं खरवडली, आणि गंज सोडवणारं तेल सोडलं. अधूनमधून पितळी पंच ठेवून हलके टोले दिले. हे टोले जोराचे नकोत. कंपनानं तेल आट्यांत उतरतं, एवढाच त्यांचा उपयोग.

सकाळी गॅसच्या बत्तीनं निपलच्या भोवतीची नळी तापवली. निपलला आच द्यायची नाही. भोवतीचं लोखंड फुगलं तर भोक मोठं होतं, निपल फुगला तर तो आणखी जाम होतो. पाण्याचा थेंब टाकला की चर्र करून उडाला पाहिजे, बस. रंग बदलेपर्यंत तापवलं तर सील जातं आणि आतलं ग्रीस पेटतं. आत कोंडलेलं ग्रीस तापून निपलमधून पिचकारीसारखं उडू शकतं, म्हणून बाजूला उभं राहून काम करायचं. आणि पाणी ओतून थंड करायचं नाही, आपलं आपण निवू द्यायचं.

पैलू आधीच गेलेले असल्यामुळे रिंग पाना घसरणार होता. बाराकोनी गोटीचाही उपयोग नव्हता. सहा पैलूंची गोटी हातोडीनं हलकेच ठोकून बसवली. आधी घट्ट करण्याच्या दिशेनं किंचित दाब दिला. गंजाची पकड दोन्ही बाजूंनी हलवली तर लवकर सुटते. मग उलटा. निपल केसभर हलला, आणि पुढच्या झटक्यात डोकं मानेशी तुटून गोटीत आलं.

याचं आश्चर्य नाही. निपल आतून पोकळ, मानेशी भिंत पातळ, वरून कडक केलेला. शिवाय आधीच्या पाइप पान्यानं तो पिळलेला होता. राहिलेला तुकडा भोकाच्या तोंडाशी सपाट, मधोमध छिद्र. अशा वेळी मोडलेला तुकडा फिरवून काढणारा उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर हा पहिला विचार येतो, कारण भोक आयतंच असतं. मी तो एका मर्यादेपर्यंतच वापरतो. एक्स्ट्रॅक्टर निमुळता असतो, तो घुसवला की पातळ भिंत बाहेर फाकते आणि आटे आणखी जाम होतात. त्याहून वाईट म्हणजे तो स्वतः आत मोडला तर त्याच्या कडक पोलादावर साधं ड्रिल चालत नाही, आणि वीस रुपयांच्या कामासाठी अख्खा ॲक्सल मशीन शॉपमध्ये न्यावा लागतो. इथे तो लावला, पीळ दिला. हाताला नुसती ताणल्याची जाणीव झाली, फिरल्याची नाही. तिथेच थांबलो.

मग ड्रिल. निपल एम १० बाय १ चा होता, म्हणजे १० मिमी व्यास आणि आट्यांतलं अंतर १ मिमी. अशा भोकाच्या आट्यांचा आतला व्यास ८.९ मिमीच्या आसपास असतो. ८.५ मिमीचं ड्रिल बरोबर मधून गेलं तर निपलचं अंग कापलं जातं आणि भोकाच्या आट्यांना धक्का लागत नाही. निपलचे आटे जेमतेम पाच-सहा मिमी लांब, म्हणून ड्रिलवर तेवढ्यावर चिकटपट्टीची खूण केली. वेग कमी, थेंब थेंब तेल, आणि ड्रिलच्या खाचांत ग्रीस, म्हणजे किस त्यालाच चिकटून बाहेर येतो. आत आधीच घट्ट ग्रीसचा बोळा भरलेला होता, तो राहू दिला. किस पुढे जाऊ नये म्हणून तोच उपयोगी. शेवटी भोकाच्या आट्यांत निपलच्या आट्यांचं वेटोळं उरलं, घड्याळाच्या स्प्रिंगसारखं. त्याचं टोक सुईनं उचलून चिमट्यानं ओढलं आणि ते उलगडत बाहेर आलं. मग एम १० बाय १ चा टॅप (आटे पाडायचं हत्यार) हातानं, ग्रीस लावून, पुढे-मागे करत फिरवला. आटे शाबूत होते.

किस अडकलेलं ग्रीस काडीनं कोरून काढलं, डिझेलनं धुतलं आणि बॅटरीचा झोत टाकला. भोकाच्या तळाशी पिवळं चकाकत होतं. तार घातली तर नळीच्या भिंतीच्या जाडीएवढी जाऊन टणक ठिकाणी थांबली. घासून बाहेर काढली तर टोकाला पिवळा कण. वाळलेला साबण नव्हता तो. बुशाचं अंग होतं, सलग, बिनभोकाचं. दोन हंगामांपूर्वी बुश बदलताना त्याचं भोक निपलच्या भोकासमोर न आणता तो तसाच ठोकला होता. तेव्हापासून मालक प्रामाणिकपणे रोज गन मारत होते आणि ग्रीस ब्राँझच्या भिंतीवर आपटून परत येत होतं.

मालकांना भोकात बघायला सांगितलं. बराच वेळ पाहून म्हणाले, "मंग इथूनच ड्रिल मारून भोक पाडून द्या न भाऊ, खोलायचं कायले?" प्रश्न रास्त होता. पऱ्हे (धानाची रोपं) टाकायचे दिवस तोंडावर, आणि बाहेरून ड्रिल मारणं हे अर्ध्या तासाचं काम. ते करता येतं, पुष्कळ ठिकाणी करतातही. पण ड्रिल बुशातून आत निघताना पिनेला घासतं, ब्राँझचा किस आत पडतो, आणि भोकाच्या आतल्या बाजूला जी धारदार कड उभी राहते ती पिनेवर रेघा ओढते. शिवाय दोन हंगाम कोरडी फिरलेली पिन कुठल्या अवस्थेत आहे हे न बघता तिच्यावर ग्रीस टाकून पाठवणं मला पटत नव्हतं. स्टेरिंगचा प्रश्न आहे. पुढची पिन जाम झाली किंवा तुटली तर बांधीत फक्त काम थांबतं, पण भरलेल्या ट्रॉलीसकट भंडारा रोडवर तेच झालं तर माणसं जातात. हे असंच, याच शब्दांत सांगितलं. ते तयार झाले.

स्टेरिंगचा आर्म काढण्याआधी त्याची आणि पिनेची जागा छन्नीनं खुणावून ठेवली. स्टब खाली उतरवला तेव्हा खालच्या बुशातून विटकरी रंगाची ओलसर भुकटी पडली. गंज आणि ब्राँझचा चुरा, ग्रीसचा मागमूस नाही. बुश एका बाजूनं स्पष्ट झिजलेला. पिनेवर नख फिरवलं तर अगदी बारीक पायरी लागत होती. व्हर्नियरनं मापून, पॉलिश पेपरनं घासून ती वापरण्याजोगी निघाली. जुना बुश आतून हॅक्सॉच्या पात्यानं उभा चिरून काढला, नळीला पातं लागणार नाही याची काळजी घेत. त्याचं स्वतःचं भोक नळीच्या भोकापासून पाव फेरा बाजूला होतं.

नवे बुश वर-खाली जोडीनं घेतले. या वेळी बुशाच्या भोकाच्या रेषेत त्याच्या कडेवर एक खूण केली आणि नळीच्या कडेवर निपलच्या रेषेत दुसरी. हातोडीऐवजी लांब बोल्ट, जाड वॉशर आणि नट वापरून बुश ओढून बसवले. असं केल्यानं बुश तिरका जात नाही आणि खुणा शेवटपर्यंत जुळलेल्या ठेवता येतात. बसवल्यावर पुन्हा तार घातली. ती निपलच्या भोकातून थेट आत आरपार आली. दाबून बसवलेला बुश आतून थोडा आवळतो, म्हणून दोन्ही बुश एका रेषेत रीमरनं पिनेच्या मापाला आणले, धुतले, पिनेला ग्रीस चोपडून स्टब चढवला. थ्रस्ट बेअरिंग आणि सील नवं.

नवा निपल घेताना एक गफलत होता होता टळली. दुकानातून आलेल्या पुडीतला निपल दोन-तीन आटे छान गेला आणि घट्ट झाला. बसला असं वाटावं इतका. पण हलवून पाहिलं तर किंचित डुलत होता. तो होता एक अष्टमांश बीएसपीचा, म्हणजे इंची मापाच्या ब्रिटिश पाइप आट्यांचा. त्याचा व्यास साधारण ९.७ मिमी, आणि इंचाला २८ आटे, म्हणजे दोन आट्यांतलं अंतर ०.९ मिमी. एम १० बाय १ च्या भोकात तो ढिला जातो आणि आट्यांतल्या फरकामुळे अडकून घट्ट भासतो. गनचा दाब आला की असा निपल आटे खरवडून जोरात सुटू शकतो. ओळखायची रीत सोपी: निपलचे आटे टॅपच्या आट्यांवर आडवे टेकवून उजेडात धरायचे. जुळणारे असतील तर एकमेकांत बसतात, नसतील तर मधून उजेड दिसतो. हीच गल्लत एम ६ बाय १ आणि पाव इंची २८ आट्यांच्या निपलमध्येही होते. रोटाव्हेटर आणि जुन्या ट्रॅक्टरांवर दोन्ही सापडतात, म्हणून जुना निपल जोडीला घेऊनच दुकानात जावं.

रिमच्या आडोशामुळे सरळ निपलवर गन नीट बसत नव्हती, म्हणून ४५ अंशांचा घेतला. बसवण्याआधी तो हातात धरून गन मारली, गोळीतून ग्रीस आलं. आधी बोटांनी दोन आटे, मग ११ च्या पान्यानं. निपलचे आटे किंचित निमुळते असतात, त्यामुळे ते पाव फेऱ्यात आवळतात. टेप किंवा सफेदा लावायची गरज नसते, आणि पान्यावर लोंबकळायची तर मुळीच नाही. तोंड गनच्या बाजूला आलं तिथे थांबलो. मग चाक उचललेलं ठेवूनच, स्टेरिंग फिरवत ग्रीस भरलं. काही दांड्यांनंतर खालच्या कडेनं ग्रीसचा अखंड गोल बाहेर आला. मालक वाकून बघत होते. त्यांनी स्वतः दोन-चार दांडे मारून पाहिले.

ग्रीस लिथियमचं, एनएलजीआय २ क्रमांकाचं (हा ग्रीसच्या घट्टपणाचा क्रमांक) दिलं. घरी आधीपासून कॅल्शियमच्या ग्रीसचा जुना डबा होता. दोन प्रकारची ग्रीसं मिसळली की ती कधी पातळ होतात, कधी गोठतात, म्हणून ते ग्रीस या गनमध्ये भरू नका असं सांगितलं. गनचं तोंड आणि निपल आधी फडक्यानं पुसायचं. काळ्या मातीचा एक कण गोळीखाली गेला तरी निपल बंद पडायला वेळ लागत नाही. चिखलणीच्या दिवसांत ग्रीस संध्याकाळी, गाडी धुतल्याबरोबर, म्हणजे आत गेलेलं पाणी रात्रभर तिथे बसत नाही. प्लॅस्टिकच्या टोप्याही चारही निपलांना घातल्या.

उजवी बाजूही तपासली, कारण तो बुश त्याच हातानं, त्याच वेळी बसलेला होता. तिथला खालचा निपल गंजलेला नव्हता, पान्याला लगेच सुटला. आत झोत टाकला तर बुशाचं भोक अर्धचंद्रासारखं दिसत होतं, निम्मं नळीच्या भिंतीआड. ग्रीस जातं, पण हळू, आणि चाक जमिनीवर असताना जवळपास नाहीच. पिनेत खेळ जाणवत नव्हता आणि पऱ्ह्यांची घाई खरीच होती, म्हणून ती बाजू धान कापणीनंतर खोलायची असं ठरलं. तोवर तिथे ग्रीस मारायचं ते चाक जॅकवर घेऊन, स्टेरिंग फिरवतच, आणि खालच्या कडेनं नवं ग्रीस दिसेपर्यंत. दिसलं नाही तर त्याच दिवशी ट्रॅक्टर परत आणायचा.